साच्यांतल्या बोटी

समुद्रपर्यटनाचा धंदा करणाऱ्या एकाच कंपनीच्या सर्व बोटी एकमेकींसारख्या असाव्यात, कीं प्रत्येकीचा थाट निराळा असावा, हा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांस रिकामपणाचा वाटेल. ज्यांच्या पदरीं दहा-दहा, वीस-वीस बोटी आहेत त्यांनीं त्याची विवंचना करावी. विमानानें सिंगापुरास जाऊन तेथून चार दिवसांच्या जलसफरीवर निघणाऱ्या पुण्यामुंबईच्या गृहस्थानें ती कां करावी? परंतु गंमत अशी, कीं बोटी एकसारख्या करण्याचें खापर या गृहस्थाच्याच माथीं फोडण्यांत येतें. उतारूंस ओळखीचें तेंच आवडतें, म्हणून आम्ही तेंच देतों, असें या धंद्यांतील मंडळी सांगतात. आपल्या नांवावर एवढा मोठा व्यवहार चालला असतां ज्याचें नांव त्यानेंच मुकाट बसावें, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

पूर्वपक्ष आधीं नीट मांडला पाहिजे, कारण तो दिसतो तितका पोकळ नाहीं. त्याचें सर्वांत निर्भेळ उदाहरण वायकिंग कंपनीचें. तिची 'वायकिंग स्टार' ही पहिली समुद्रगामी बोट २०१५ मध्यें निघाली. उतारू ९३०, आणि प्रत्येक खोलीस स्वतःचा सज्जा. तिच्यामागून 'सी', 'स्काय', 'सन', 'ओरायन' अशा ज्या बहिणी आल्या त्या जवळजवळ हुबेहूब. एकीवर आठ दिवस राहिलेल्या मनुष्यास दुसरीवर भोजनगृहाची वाट विचारावी लागत नाहीं. जुगाराचा अड्डा एकीवरही नाहीं, आणि अठरा वर्षांखालील मूल एकीवरही घेत नाहींत. म्हणजे काय मिळेल आणि काय मिळणार नाहीं, हें तिकीट काढतांनाच कळतें. गोदीवाल्यास एकच आराखडा पुन्हां पुन्हां बांधावयाचा असल्यामुळें खर्च वांचतो, सुटे भाग सर्वांस लागू पडतात, आणि एखादी बोट ऐन वेळीं नादुरुस्त झाली तर तिच्या जागीं दुसरी लावतां येते. वृद्ध उतारूंस तर हें सारखेपण वरदानच होय. इतका विचारपूर्वक केलेला सारखेपणा आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं.

प्रतिपक्षाच्या हातीं याहून मोठें एक अस्त्र आहे. पण त्याची नजर उतारूच्या खिशापलीकडे क्वचितच जात असल्यामुळें तें तो वापरीत नाहीं. तें आम्हीच त्याला देतों. उतारू बोटीवर आठ दिवस राहतो. स्वयंपाकी, खानसामा, इंजिनखान्यांतला तेलवाला आणि खलाशी हे महिनेच्या महिने राहतात. पी. अँड ओ. कंपनीच्या काळापासून अशा कामांवर गोव्याचीं आणि रत्नागिरीकडचीं माणसें आहेत. मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास गोव्यांतील गांवोगांवचीं 'कूड' नांवाचीं जीं सामाईक बिऱ्हाडें आहेत, तीं बोटीची वाट पाहत बसणाऱ्या अशाच माणसांनीं भरत. एक करार संपला कीं पुढच्या करारांत कोणती बोट वांट्यास येईल, हें या मनुष्याच्या हातीं नसतें. नव्या बोटीवर पहिल्याच रात्रीं आगीची घंटा झाली, तर पाण्याचा नळ कोठें, दार कोणत्या अंगास उघडतें, आपली होडी कोणती, हें त्याच्या पायांसच ठाऊक असलें पाहिजे. डोक्यास आठवावयाला त्या वेळीं सवड नसते.

येथें एका बोटीचें उदाहरण घेण्याजोगें आहे. इटलीच्या 'कोस्ता कोंकोर्दिया'च्या मजल्यांस युरोपांतील देशांचीं नांवें दिलेलीं होतीं, कारण ती बोट 'युरोपची एकता' या कल्पनेवर सजविली होती. तिच्या बहिणींपैकीं एकीवर पुराणकथा, तर दुसरीवर संगीत. १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीं 'कोंकोर्दिया' जील्यो बेटाजवळच्या खडकावर आदळून कलंडली व ३२ माणसें मेलीं. त्या अनर्थाचें कारण मजल्यांचीं नांवें नव्हेत, कप्तानाचा अविचार होय, हें कोर्टांतच ठरलें आहे. पण अंधारांत, कललेल्या जिन्यावर चौथा मजला शोधणारास 'चौथा' हा शब्द जितका उपयोगी पडतो तितका कोणत्याही देशाचा महिमा पडत नाहीं, एवढें समजावयास नौकाशास्त्राचा अभ्यास नको.

तेव्हां येथवर आम्ही प्रतिपक्षाबरोबर चालतों. किंबहुना त्याच्या दोन पावलें पुढें आहों. ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे आणि ज्यावर नोकरमाणसाचे श्रम अवलंबून आहेत, तें सर्व बोटींवर एकसारखें असावें. त्यांत कोणा चित्रकाराची प्रतिभा आड येऊं नये. परंतु एवढ्यावरून 'म्हणून बाकीचेंही सारखेंच असावें' असा जो निष्कर्ष काढण्यांत येतो, तो निव्वळ बादरायणसंबंध होय. पेणेस गणपतीच्या मूर्ति साच्यांतून काढतात. एका साच्यांतून शेंकड्यांनीं निघतात, आणि त्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. परंतु डोळ्यांची आखणी साचा करीत नाहीं. ती कारागीर हातानें करतो, आणि ती झाल्यावांचून मूर्ति कोणी घरीं नेत नाहीं. बोटीचें अंग खुशाल साच्यांतून काढावें. आमचा तंटा डोळ्यांविषयीं आहे.

जुन्या टपालबोटींच्या काळीं हा भेद कोणास समजावून सांगावा लागत नसे. १९२५ मध्यें पी. अँड ओ. कंपनीनें हिंदुस्थानच्या मार्गासाठीं 'रांची', 'रणपुरा', 'रावळपिंडी' आणि 'राजपुताना' अशा चार बोटी एकाच नमुन्याच्या बांधविल्या. चौघी शेजारीं उभ्या केल्या असत्या तर परक्यास नांव वाचल्याशिवाय ओळखूं आल्या नसत्या. पण २९ ऑगस्ट १९३१ रोजीं गांधीजी गोलमेज परिषदेस मुंबईहून निघाले ते 'राजपुताना'वरून. 'रावळपिंडी' नोव्हेंबर १९३९ मध्यें दोन जर्मन युद्धनौकांशीं एकटी झुंजून बुडाली. 'राजपुताना'स १९४१ त पाणबुडीनें गांठलें. 'रणपुरा' आरमाराची दुरुस्तीनौका झाली आणि 'रांची' युद्धानंतर ऑस्ट्रेलियास वसाहतवाल्यांना पोंचवूं लागली. आराखडा एक आणि कुंडल्या चार. बोटीस व्यक्तित्व येतें तें तिच्या हातून जें काम होतें त्यामुळें, आणि ती कोणास घेऊन कोठें जाते त्यामुळें. भिंतीचा रंग हा फार तर तिचा पोषाख होय.

थोडासा फरक अनुभवानेंही पडतो, आणि तो उत्तम. 'ऑलिंपिक' १९११ मध्यें समुद्रावर गेली. तिच्यावर जें उणें दिसलें तें 'टायटॅनिक' बांधतांना सुधारलें. वरच्या फिरतीच्या सज्जाचा पुढील भाग कांचेनें बंद केला, फ्रेंच पद्धतीचें एक उपाहारगृह वाढविलें. मग १९१२ त 'टायटॅनिक' बुडाली, आणि तिचा धडा उलट दिशेनें 'ऑलिंपिक'ला मिळाला: तिला परत गोदींत नेऊन आंतून दुसरें कवच बसविलें व होड्या वाढविल्या. एक बहीण दुसरीपासून शिकली, ती अशी.

आतां आजच्या ताफ्यांकडे वळूं. कार्निव्हल या अमेरिकन कंपनीनें १९९० ते १९९८ या काळांत हेलसिंकीच्या गोदींत आठ बोटी एकाच सांगाड्यावर बांधविल्या. 'फँटसी' ही थोरली, 'पॅरडाइस' ही धाकटी. (शेवटच्या दोघींचे पंखे सर्व दिशांस फिरणाऱ्या नव्या यंत्रांवर बसविले होते, हा फरक खरा, पण तो पाण्याखालीं असल्यामुळें उतारूच्या हिशेबीं शून्य.) या बोटी आंतून सजविण्याचें काम जो फार्कस नांवाच्या एका वास्तुशिल्पकाराकडे होतें. प्रत्येकीस त्यानें निराळी कल्पना दिली. 'एक्स्टसी'वर शहरांतील रात्रीच्या दिव्यांची शोभा, आणि मधल्या रस्त्यावर एक जुनी रोल्सराइस मोटार उभी. 'फॅसिनेशन'वर हॉलिवुड, आणि जागोजाग नटनट्यांचे पुतळे. अभिरुचीच्या लोकांनीं यावर पुष्कळ नाकें मुरडलीं. आम्हांस मात्र या गृहस्थाविषयीं थोडी आपुलकी वाटते. त्याचें काम भडक होतें, पण साच्यांतून आलेल्या मूर्तीचे डोळे आपण आंखले पाहिजेत, एवढी जाण त्याला होती. दोष त्याचा नव्हे. दोष असा, कीं डोळे आंखण्याचें सर्व काम रंगाऱ्यावर सोंपवून कंपनी मोकळी झाली. दिव्यांच्या बोटीवर आणि सिनेमाच्या बोटीवर मालकांचा हिशेब एकच होता.

या आठांपैकीं एकच बोट खरोखर निराळी होती. 'पॅरडाइस' ही १९९८ मध्यें निघाली ती संपूर्ण धूम्रपानबंदीची बोट म्हणून. उतारूंसच नव्हे, खलाशांसही बंदी. कोणी विडी ओढतांना सांपडला तर अडीचशें डॉलर दंड आणि पुढच्या बंदरांत त्याची रवानगी. येथें फरक रंगाचा नव्हता, वागणुकीचा होता. जो त्या बोटीवर चढे त्याला आपण कोणत्या घरीं पाहुणे आहों याची पहिल्या पावलापासून जाणीव असे. दम्याचा विकार असलेलीं माणसें, लहान मुलांचे आईबाप, नुसतेच स्वच्छ हवेचे षोकी, अशा सर्वांची ती हक्काची बोट झाली. २००४ मध्यें ही बंदी उठविण्यांत आली. धूम्रपान न करणारा उतारू दारूच्या दुकानांत आणि जुगाराच्या मेजावर पुरेसा पैसा टाकीत नाहीं, असें कारण त्या वेळीं बोललें गेलें. वाचकांनीं या एका गोष्टीवर जरा थांबावें. उतारूंस सारखेपण आवडतें म्हणून ही बोट इतर बोटींसारखी केली नाहीं. तिचे उतारू मालकांस हवे तितके उधळे नव्हते म्हणून केली.

पुढचा क्रम सरळ आहे. २००७ मध्यें या बोटींच्या नांवांपुढें कंपनीचें नांव जोडलें. लग्नास सतरा वर्षें झाल्यावर 'फँटसी'स सासरचें नांव मिळालें! मग २०११ मध्यें पन्नास कोटी डॉलरांची एक सुधारणेची योजना जाहीर झाली. तिचें स्वरूप असें, कीं एका प्रसिद्ध आचाऱ्याच्या नांवाचें एकच खाद्यगृह, एकाच नांवाची रमची गुत्ती आणि एकाच नांवाची मेक्सिकन दारूची गुत्ती बोटीमागून बोटीवर बसवावयाची. फार्कसनें रंगविलेल्या निरनिराळ्या भिंतींत एकच पाटी लागूं लागली. प्रतिपक्ष ज्याला उतारूची सोय म्हणतो ती येथें कोठें आहे? होडीची जागा सांपडणें ही सोय. पेला कोणत्या पाटीखालीं भरला जातो यानें कोणाची सोय होते, हें सांगावयास नको.

याच्या अगदीं उलट दिशेची एक कथा आहे. रेनेसाँस नांवाच्या कंपनीनें १९९८ ते २००१ या काळांत फ्रान्सांतील सेंट नाझेर येथें सुमारें तीस हजार टनांच्या आठ बोटी बांधविल्या, आणि सारखेपणाचा असा कळस केला, कीं त्यांस नांवेंही न देतां 'आर वन' ते 'आर एट' असे निव्वळ आंकडे दिले. कैद्यांस देतात तसे. सप्टेंबर २००१ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें आणि आठहीजणी दुनियेच्या बाजारांत आल्या. यांतील आठव्या बोटीचें चरित्र पाहावें. २००३ मध्यें ती 'मिनर्व्हा टू' झाली. स्वॉन हेलेनिक या ब्रिटिश संस्थेच्या सफरींत प्राचीन अवशेषांवर विद्वानांचीं व्याख्यानें होत, आणि उतारू वह्या घेऊन बसत. आमच्यासारख्या शिक्षकी पेशाच्या माणसास हिचा हेवा वाटावा! २००७ मध्यें ती 'रॉयल प्रिन्सेस' व २०११ मध्यें 'अडोनिया' झाली. २०१६ मध्यें फॅदम नांवाच्या नव्या उपक्रमांत तिला मायामीस आणलें. एका आठवड्यास ती डोमिनिकन प्रजासत्ताकांत उतारूंस नेई व तेथें ते गांवकऱ्यांस इंग्रजी शिकवीत, झाडें लावीत, घरांच्या जमिनी कांक्रीटनें बांधून देत. दुसऱ्या आठवड्यास ती क्यूबास जाई. क्यूबांत जन्मलेल्या माणसांस समुद्रमार्गें मायदेशीं येण्याची मनाई होती. या सफरीच्या निमित्तानें वाद उठला आणि क्यूबाच्या सरकारनें ती उठविली. १९१६ नव्हे, २०१६ ची ही गोष्ट आहे, कारण इतकी जुनाट बंदी आपल्या काळांत असेल यावर वाचकांचा विश्वास बसणार नाहीं. त्या वर्षीं मे महिन्यांत 'अडोनिया' हवानाच्या बंदरांत शिरली, तेव्हां अमेरिकेंतून पर्यटकांची बोट तेथें कित्येक दशकांनीं येत होती. तो उपक्रम २०१७ मध्यें बंद पडला, आणि २०१८ पासून ही बोट 'अझमारा पर्सूट' आहे.

सांगाडा तोच, जिने तेच, शेजारच्या सात बहिणींशीं रेसभर अंतर नाहीं. तरी जो तिच्यावर बसून हवानास गेला त्याच्या लेखीं ती जगांतील एकच बोट आहे. प्रतिपक्ष म्हणेल, हा दाखला तर आमच्याच बाजूचा. सांगाडे सारखे असल्यानें काय बिघडलें? कांहींच बिघडलें नाहीं. आम्ही सांगाड्याविषयीं बोलत नाहीं, हें किती वेळां सांगावें! ती बोट निराळी झाली कारण तिला निराळें काम देणारा कोणी भेटला. पहिल्या मालकानें तिला आंकडा दिला होता.

कांहीं कंपन्यांचा डाव याहून सूक्ष्म असतो. हॉलंड अमेरिका कंपनीची २००२ ची 'झाउदरडाम', पी. अँड ओ. ची २००५ ची 'अर्केडिया' व क्यूनार्डची २००७ ची 'क्वीन व्हिक्टोरिया' या एकाच मूळ आराखड्याच्या लेकी. तिघींच्या कंपन्याही शेवटीं एकाच धनकोच्या. 'अर्केडिया' ही बांधतांना प्रथम 'क्वीन व्हिक्टोरिया'च होणार होती. यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं, आणि 'क्वीन व्हिक्टोरिया'वरील दुमजली ग्रंथालय पाहून आम्ही तर तिला सर्व कांहीं माफ करूं. परंतु यावरून एक गोष्ट सिद्ध होते. मनांत आलें म्हणजे या मंडळींस एकाच सांगाड्यावर निराळी बोट करतां येते. तेव्हां एका ताफ्यांत तें करीत नाहींत तेथें 'शक्य नाहीं' ही सबब लटकी समजावी.

राहतां राहिली उतारूच्या आवडीची गोष्ट. मनुष्यास ओळखीचें आवडतें हें खरें. पण त्याला ओळखीची हवी असते ती सचोटी. अंथरूण स्वच्छ असावें, बिलांत खोट नसावी, तक्रार ऐकणारा माणूस जागेवर असावा. मुंबईचीं जुनीं इराण्यांचीं हॉटेलें घ्या. संगमरवरी मेज, वांकविलेल्या लांकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर शेटजी; एकाच साच्याचीं म्हणावीं इतकीं सारखीं. तरी नेहमींचें गिऱ्हाईक आपलें हॉटेल सोडून शेजारच्यांत जात नसे. तीं कोणा कंपनीनें सारखीं केलेलीं नव्हतीं. प्रत्येकाचा मालक त्याच गल्ल्यावर बसे, आणि निराळेपणा त्या गल्ल्यावरून येई.

हा वाद बोटीपुरताच राहिला असता तर आम्ही इतकी शाई खर्चिली नसती. परंतु साचा एकदां गोड लागला कीं तो धक्क्यावर थांबत नाहीं. रॉयल कॅरिबियन कंपनीनें बहामांतील कोकोके या आपल्या बेटावर पंचवीस कोटी डॉलर ओतून २०१९ मध्यें 'परफेक्ट डे' नांवाची क्रीडानगरी उघडली, आणि २०२४ मध्यें तसाच 'परफेक्ट डे' मेक्सिकोच्या माहावाल येथें उभारण्याचा बेत जाहीर केला. कार्निव्हलनें २०२५ मध्यें बहामांतच 'सेलिब्रेशन की' उघडलें. म्हणजे आतां बोटींप्रमाणें बंदरांच्याही बहिणी निघूं लागल्या. उतारू उतरतो तो कंपनीच्याच धक्क्यावर, पोहतो कंपनीच्याच तळ्यांत. ज्या देशाच्या किनाऱ्यावर तो आला त्या देशांतल्या कोळ्याची, खानावळवालीची, गाडीवाल्याची त्याची गांठ पडण्याचें कारणच उरत नाहीं, आणि त्यांच्या हातीं पडावयाचा पैसा ज्या तिजोरींतून निघाला त्याच तिजोरींत परत जातो. बोटीवर निराळेपणाची संवय ज्याची मोडली त्याला किनाऱ्यावर तो चुकल्यासारखा वाटत नाहीं. सारखेपणाचा खरा लाभ मालकांस होतो तो हा.

आपल्या दारीं हा प्रश्न आलाच आहे. मुंबईहून २०२१ पासून जी 'एम्प्रेस' चालूं लागली ती १९९० ची 'नॉर्डिक एम्प्रेस'. तीन-चार नांवें आणि अनेक समुद्र पाहून आपल्याकडे आलेली. तिच्याच कंपनीनें 'नॉर्वेजियन स्काय' व 'नॉर्वेजियन सन' या आणखी दोन बोटी भाड्यानें घेण्याचें २०२५ मध्यें जाहीर केलें. या दोघी जवळच्या बहिणी आहेत. त्यांचीं अंगें सारखीं आहेत याची आम्हांस तक्रार नाहीं. रत्नागिरीच्या खलाशास तें सोयीचेंच पडेल. परंतु दोघींवर एकच नाचगाणें, एकच जेवण आणि एकाच रात्रीची एकच गोव्याची फेरी, असा बेत असेल तर तो आतांच मोडला पाहिजे. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें या बंदरांत एके काळीं आगबोट खोल पाण्यांत उभी राही आणि उतारू पडावांतून किनाऱ्यास येत. ती वाहतूक गेल्या शतकांतच बंद पडली. आजच्या पर्यटनबोटीही उथळ बंदरांत लहान होड्यांनींच माणसें उतरवितात. तेव्हां यांत अशक्य असें कांहीं नाहीं. मुंबईहून दक्षिणेस जातांना सारें कोंकण डाव्या हातास असतें. दोघींपैकीं एकीनें तें दिवसाउजेडीं ओलांडावें, विजयदुर्गासमोर इंजिन मंद करावें, त्या किल्ल्याची माहिती मराठींत सांगणारा माणूस तिच्यावर असावा, आणि मालवणास उतारूंनीं दुपारचें जेवण तेथल्याच खानावळींत जेवावें. दुसरीनें हवें तर रात्रींच्या रात्रीं थेट गोवें गांठावें.